मातीचा एक थर

फळ्यावर रोज एकच ओळ असते. आजची ओळ : बॅक स्क्वॉट, ५ × ५. पाच सेट, प्रत्येक सेटमध्ये पाच वेळा. किती किलो, ते लिहिलेलं नसतं.

कोल्हापुरात शाहूपुरीच्या एका बोळात ही जिम आहे. जागा पूर्वी गुळाची वखार होती. पावसाळ्यात भिंती ओलावल्या की कोपऱ्यांतून अजून गुळाचा वास येतो. सकाळी सहाच्या बॅचला आठ-दहा जण असतात आणि रॅक दोनच, त्यामुळे पाळी येईपर्यंत दुसऱ्याचा सेट बघत उभं राहावं लागतं. एका रॅकवर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा. दुसऱ्यावर बँकेत नोकरी करणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या मॅडम. आणि भिंतीलगत, खिडकीखाली, अडुसष्ट वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांना सगळे काकू म्हणतात.

काकूंच्या मागे लाकडी स्टूल ठेवलेलं असतं. त्यावर रबराचे मॅट रचलेले, प्रत्येक मॅट दोन बोटं जाड. काकू छातीशी सहा किलोचं डंबेल उभं धरतात, पावलं खांद्यांइतकी फाकवतात, श्वास घेतात आणि हळूहळू मागे-खाली जातात. कंबर मॅटला लागते न लागते तोच वर येतात.

“टेकायचं नाही काकू,” कोच म्हणतो. “शिवायचं आणि उठायचं.”

“शिवलं की रे!”

“शिवलं. मोजलंय मी.”

काकू इथे आल्या त्याचं कारण साधं होतं. घरच्या सत्यनारायणाला पाटावर बसल्या होत्या, उठताना दोन सुनांनी दोन्ही दंडांना धरून उठवलं. कुणी काही बोललं नाही, आणि तेच त्यांना लागलं. पहिल्या दिवशी स्टुलावर सहा मॅट होते, म्हणजे बसायची जागा जवळजवळ बारच्या उंच स्टुलाएवढी. तिथवर जाऊन यायलाही त्यांना खिडकीचा गज धरावा लागला. दर दोन-तीन आठवड्यांनी कोच एक मॅट काढतो. आता दोन उरलेत.

हे स्टूल बघताना पॉल अँडरसनची आठवण येणं अपरिहार्य आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टोकोआ गावचा हा माणूस १९३२ साली जन्मला. लहानपणी मूत्रपिंडाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला होता, पुढे त्याच दुखण्याने १९९४ साली गेला, आणि मधल्या काळात जगातला सर्वांत ताकदवान माणूस म्हणून ओळखला गेला. १९५५ मध्ये मॉस्कोत भर पावसात त्याने ४०२ पौंडांहून जास्त वजन डोक्यावर रेटून दाखवलं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये अंगात ताप असताना सुवर्णपदक घेतलं. त्याने आणि अर्जेंटिनाच्या सेल्व्हेट्टीने उचललेल्या वजनांची बेरीज सारखीच, ५०० किलो भरली होती. अँडरसनचं शरीराचं वजन कमी, म्हणून पदक त्याचं.

पण त्याची खरी गोष्ट पदकाची नाही, खड्ड्याची आहे. पूर्ण खाली बसून पेलता येणार नाही इतकं वजन त्याला स्क्वॉटसाठी हवं होतं. म्हणून त्याने जमिनीत खड्डा खणला आणि त्यात उतरून उभा राहिला. वजनाच्या बारची टोकं खड्ड्याच्या दोन काठांवर. पाय खोलात असल्यामुळे बार आधीच खांद्यांच्या उंचीला, आणि मग जेमतेम चार बोटं वाकून ते प्रचंड वजन सरळ करायचं. काही दिवस गेले की खड्ड्यात थोडी माती टाकायची. पाय तेवढे वर आले, बार तेवढा खाली राहिला, वाकणं तेवढं वाढलं. वजन तेच. मातीचा एकेक थर पडत गेला, आणि खड्डा भरत आला तोवर तेच वजन तो पूर्ण खाली बसून उठवू लागला होता.

काकूंच्या स्टुलावरून मॅट निघतो आणि टोकोआच्या खड्ड्यात माती पडते, यात हिशेब एकच आहे. अंतर ठरवून, रोज कणभर वाढवून, शरीराला एका जागी पोचवायचं. जगातल्या सर्वांत ताकदवान माणसाने स्वतःसाठी काम सोपं करून घेतलं होतं, आणि ते लपवलं नव्हतं. व्यायामाच्या दुनियेत हे नीट सांगितलं जात नाही. हलकं वजन, उंच स्टूल, आधाराचा गज म्हणजे नवख्यांची, म्हाताऱ्यांची, आजाऱ्यांची सवलत, असा समज पसरलेला आहे. तो चुकीचा आहे आणि त्याने माणसांचं नुकसान होतं. कुवतीप्रमाणे बेतलेला व्यायाम ही खऱ्या व्यायामाची पातळ आवृत्ती नव्हे. ताकद ज्या मार्गाने येते तो मार्गच हा आहे, मग माणूस अँडरसन असो की काकू.

स्क्वॉटसाठी मराठीत शब्द शोधावा लागत नाही. उठाबशा आहेत, बैठका आहेत. पण दोन्हींना चिकटलेल्या आठवणी वेगळ्या. उठाबशा शाळेत कान धरून काढायच्या, सगळ्या वर्गासमोर, मास्तर म्हणतील तितक्या. बैठका तालमीतल्या. गंगावेस किंवा मोतीबाग तालमीच्या बाजूने पहाटे गेलं तर आतून त्यांची लय कानावर येते. तालमीत नव्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी जुन्या पैलवानाच्या बैठका काढायला लावत नाही. पोराचं अंग बघून आकडा सांगतो, आणि तो आकडा महिन्या-महिन्याने चढत जातो. वजन सगळ्यांना आपापल्या शरीराचंच असतं, वाढवायची असते ती संख्या. या जिमचा कोच लहानपणी काही वर्षं लाल मातीत होता. तो सांगतो, वस्ताद पाय बघायचे, चेहरा नाही. चेहरा खोटं बोलतो.

पाठीवर बार घेतला की हिशेब बदलतो, कारण आता वजन बाहेरून येतं. बार मानेच्या हाडावर ठेवायचा नसतो. खांदे मागे ओढले की मानेखाली स्नायूंची जी उशी तयार होते तिच्यावर तो बसतो. पोटात श्वास भरून कंबरेभोवती चहूकडून दाब आणायचा, तो श्वास कोंडून खाली जायचं आणि अवघड टप्पा ओलांडून वर आल्यावर सोडायचा. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत जांघेची घडी गुडघ्याच्या वरच्या कडेखाली गेली तरच स्क्वॉट धरतात. तीन पंच असतात, तिघांपैकी दोघांचा तरी पांढरा दिवा लागावा लागतो. स्पर्धेचा पुरुषांचा बार २० किलोचा, वेटलिफ्टिंगमध्ये बायकांचा १५ किलोचा. म्हणजे रिकामा बार म्हणजे शून्य नव्हे. बँकेतल्या मॅडमना हे पहिल्या आठवड्यात कळलं. त्यांनी आधी हातात डंबेल घेऊन, मग पंधरा किलोचा बार घेऊन सुरुवात केली आणि वीस किलोच्या बारपर्यंत यायला त्यांना सात आठवडे लागले.

त्यांचा बांधा उंच, मांड्या लांब. मांडीचं हाड लांब असेल तर खाली जाताना धड जास्त पुढे झुकतं, नाहीतर तोलच जाईल. घोटा पुरेसा वाकत नसेल तर टाच उचलते. सुरुवातीला कोच त्यांच्या टाचांखाली अडीच किलोच्या दोन प्लेट सरकवायचा. वेटलिफ्टरांच्या बुटांची टाच उंच असते ती याच कारणाने. शेजारचा मुलगा ताठ बसतो आणि आपण झुकतो म्हणजे आपलं चुकतंय, असं मॅडमना कित्येक दिवस वाटत होतं. चुकत नव्हतं. दोन माणसांची हाडं वेगळी असतील तर बरोबर बसलेले दोन स्क्वॉट दिसायलाही वेगळेच असतात.

मुलाचं वेगळं होतं. तो आला तेव्हा म्हणाला, “सर, मी शंभर मारतो.” जिममध्ये वजन ‘मारतात’. कोचने शंभर लावू दिलं. मुलगा बार घेऊन मागे सरला, गुडघे वीतभर वाकवले आणि वर आला. पाचही वेळा तसंच.

“भावा, हे शंभर तुझं नाही. रॅकचं आहे,” कोच म्हणाला आणि प्लेट काढू लागला. शंभराचे ऐंशी झाले. ऐंशीला मुलगा अर्ध्यावर थांबला. साठ झाले. साठला तो पूर्ण खाली गेला, तळाशी क्षणभर अडकला आणि थरथरत वर आला. चेहरा लाल. आजूबाजूला चार लोक बघत होते. वजन चढवताना कुणाला लाज वाटत नाही. उतरवताना जी वाटते ती सोसणं पन्नास किलोंच्या प्लेटपेक्षा जड असतं, आणि विशीतल्या मुलांना ती सोसायला शिकवणारं माणूस भेटणं भाग्याचं. मुलगा दुसऱ्या दिवशी आला. त्या सकाळी कोचच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो कुणी शंभर उठवल्यावरही क्वचित दिसतो.

वजनाशी आपण जे करतो त्याला मराठीत किती क्रियापदं आहेत. उचलणं, वाहणं, तोलणं, पेलणं, झेपणं. यातलं स्क्वॉटचं क्रियापद पेलणं. कारण बार रॅकवरून उचलायचा नसतोच, तो खांद्यावर आधीच असतो. त्याच्यासकट खाली जाऊन परत यायचं असतं. रॅक नव्हते तेव्हा हेही एवढं सोपं नव्हतं. १९२१ मध्ये जर्मनीतून अमेरिकेत गेलेला हेन्री स्टाइनबॉर्न बार एका टोकावर उभा करायचा, त्याखाली वाकून तो पाठीवर आडवा पाडून घ्यायचा, स्क्वॉट मारायचा आणि तसाच खाली उतरवायचा. जड स्क्वॉट लोकांपुढे आणला तो अशा माणसांनी. आज रॅकच्या खुंट्या ज्याच्या त्याच्या खांद्याच्या उंचीला लावता येतात. जड व्यायाम सर्वांसाठी खुला होण्यात या लोखंडी खुंट्यांचा वाटा मोठा आहे.

दुसरा वाटा एका डॉक्टरचा. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोतलं गार्डिनर लष्करी इस्पितळ जखमी सैनिकांनी भरलं होतं. गुडघ्याच्या शस्त्रक्रिया झालेल्यांना तेव्हा हलकं वजन देऊन पुष्कळ वेळा पाय हलवायला लावत. माणसं महिनोन्‌महिने बरी होत नसत. थॉमस डीलॉर्म या तरुण डॉक्टरने पायात लोखंडी बूट चढवून जड वजन द्यायला सुरुवात केली. लहानपणी संधिज्वरातून उठल्यावर त्याने स्वतःला वजनं उचलूनच सावरलं होतं. १९४५ साली त्याने आपले अनुभव प्रसिद्ध केले. पुढे वॉटकिन्स या सहकाऱ्याबरोबर त्याने पद्धत आणखी सुटसुटीत केली. ज्याला जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येतं ते शोधायचं. मग पहिला सेट त्याच्या निम्म्याने, दुसरा पाऊणपटीने, तिसरा पूर्ण. पुढच्या आठवड्यात ते दहाचं वजन पुन्हा शोधायचं.

निम्मं, पाऊण, पूर्ण. या तीन शब्दांत किलो कुठेच नाहीत. माप त्या माणसाचं स्वतःचं. एकाच खोलीतले वीस सैनिक एकच व्यायाम करत होते आणि वीस वेगवेगळी वजनं उचलत होते. फळ्यावरच्या ओळीत किलो नसतात त्याची मुळं इथे आहेत.

वखारीच्या भिंतीवर सांगलीच्या संकेत सरगरचं वर्तमानपत्रातून कापलेलं छायाचित्र चिकटवलेलं आहे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात त्याने स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५ मिळून २४८ किलो केले. कोपर दुखावला. सुवर्ण जिंकणाऱ्या मलेशियाच्या खेळाडूचे २४९ झाले. सांगलीत चहा-पानाची टपरी चालवणाऱ्या घरातलं हे रौप्यपदक एका किलोने सोनं व्हायचं राहिलं.

त्या एका किलोचं मोल या जिममध्ये वेगळ्या रीतीने कळतं. नेहमीच्या सेटमधली सर्वांत लहान प्लेट सव्वा किलोची. दोन बाजूंना दोन, म्हणजे अडीच किलो वाढले. शंभर किलो पेलणाऱ्याला ही वाढ अडीच टक्के. वीस किलोचा रिकामा बार पेलणाऱ्या मॅडमना तीच वाढ साडेबारा टक्के. कागदावर दोघांनी सारखीच पायरी चढली, प्रत्यक्षात एकीची पायरी पाचपट उंच. मॅडम तिथे तीन आठवडे अडल्या होत्या. त्यांना वाटत होतं, वयाने अडवलं. कोचने उद्यमनगरातल्या ओळखीच्या लेथवाल्याकडून लोखंडाच्या चकत्या कापून आणल्या, अर्ध्या-अर्ध्या किलोच्या, मधे भोक पाडून, कडा घासून. दोन लावल्या की एक किलो. पुढच्या आठवड्यात मॅडम एकवीस झाल्या, मग बावीस. वयाचा काही संबंध नव्हता, पायरी उंच होती.

त्या चकत्यांवर खडूने लिहिलेलं असतं, ०.५. खडू पुसतो आणि कुणीतरी परत लिहितं.

या वखारीत पूर्वी वजन उचललं जात नव्हतं असं नाही. पाठीवर गुळाचे रवे घेऊन हमाल याच दारातून आत-बाहेर करत. त्यांचं वजन कुणी बेतून देत नव्हतं. रवा सगळ्यांना सारखा, वीस वर्षांच्या पोराला आणि पन्नाशीच्या माणसालाही. बाजारातलं धान्याचं पोतं शंभर किलोचं असे. ते निम्मं व्हावं यासाठी हमालांच्या संघटनांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. पुण्यात बाबा आढावांनी हमालांना संघटित केलं, १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या बोज्यासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचवली. पाठीवर किती ठेवायचं हे माणसाच्या अंगावर ठरावं, ही मागणी जिममध्ये जन्मली नाही. ती बाजारपेठेतून आली, आणि तिच्यासाठी माणसं रस्त्यावर उतरली. आज त्याच जमिनीवर एखादी बाई अर्ध्या किलोच्या चकतीसाठी थांबते आणि तिच्यासाठी ती चकती बनवून आणली जाते, हे बघताना मन भरून येतं.

गुडघ्यांचा प्रश्न रोज कुणीतरी विचारतंच. बैठकांनी गुडघे जातात म्हणे. या समजाला एक वंशावळ आहे. १९६१ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल क्लाइन यांनी मांडलं, की खोल स्क्वॉटने गुडघ्याचे बंध सैल पडतात. अमेरिकेत त्याचा धसका बसला. नंतरच्या संशोधकांनी तपासलं तेव्हा तसं सैल पडणं त्यांना आढळलं नाही. पण उलट टोकालाही जाऊ नये. बीजिंगमधल्या एका मोठ्या पाहणीत, तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवं बसणाऱ्यांमध्ये म्हातारपणी गुडघ्यांची झीज जास्त दिसली. तासन्‌तास उकिडवं बसणं वेगळं आणि पंचवीस वेळा सावकाश खाली जाऊन वर येणं वेगळं. शिवाय स्नायू लवकर तगडे होतात, त्यांना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा मागून येतात. पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती तर बरीचशी मज्जातंतूंची, शरीर असलेलेच स्नायू वापरायला शिकतं. म्हणून उत्साहाच्या भरात घाई केली तर दुखापतीचा धोका असतो. गुडघा आधीच दुखत असेल त्याने आधी डॉक्टरांकडे जावं, हे कोच पहिल्याच दिवशी सांगतो.

काकूंच्या वयाचा विषय निघाला की बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमातली हकिकत सांगावीशी वाटते. १९९० मध्ये मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दहा जणांना आठ आठवडे वजनांचा व्यायाम दिला. त्यांचं सरासरी वय नव्वद. बार नव्हता, स्क्वॉट नव्हता. बसून पाय सरळ करत वजन उचलायचं, पण तेही लुटुपुटीचं नाही. एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलता येतं त्याच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत. नऊ जणांनी व्यायाम शेवटपर्यंत नेला. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली. नव्वदीच्या माणसाला जड वजन दिलं, असं म्हटलं तर ऐकणारा दचकतो. पण जड म्हणजे त्या माणसाला जड. ते किलो या जिममधल्या मुलाच्या बोटांवर मावतील.

श्रावणात काकू दहा-बारा दिवस आल्या नाहीत. ताप होता. परत आल्या तेव्हा ब्लाउजच्या बाह्या सैल झाल्या होत्या. बाहेर पाऊस लागला होता, वखारीत गुळाचा वास सुटला होता आणि फळ्यावर ओळ होती : बॅक स्क्वॉट, ५ × ५. मुलगा सत्तरवर होता. मॅडम बारला चकत्या लावत होत्या. खिडकीखालच्या स्टुलावर दोन मॅट तसेच होते.

काकूंनी स्टुलाकडे पाहिलं. मग कोपऱ्यात गेल्या, जिथे काढलेले मॅट जमिनीवर एकावर एक ठेवलेले असतात. तिथे त्या उकिडव्या बसल्या, वरचा एक मॅट दोन्ही हातांनी ओढून काढला, छातीशी धरला आणि उठल्या. गज धरला नाही. मॅट आणून त्यांनी स्टुलावर ठेवला, कडा जुळवल्या. तीन झाले.

कोच डंबेल घेऊन उभा होता. सहाच्या ऐवजी चारचं.

“आज एवढंच,” काकू म्हणाल्या, “पण पाचाचे पाच.”

“पाचाचे पाच,” तो म्हणाला आणि मोजायला बसला.